खिळ्यावरचा हार

जठारपेठेतल्या चौकात, औषधांच्या दुकानाला लागून, पार्बताबाईचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी बाकडं, वर निळी ताडपत्री आणि मागे कडुलिंबाचं झाड. झाडाच्या खोडात एक लांब खिळा ठोकलेला आहे. त्या खिळ्यावर वाळलेले हार लटकत असतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, खपले नसतील. पण न खपलेला माल पार्बताबाई संध्याकाळी गाईपुढे टाकते. खिळ्यावरचे हार दिवसातले पहिले हार असतात. ते कुणालाच मिळू नयेत म्हणून तिथे आहेत.

फुलवाल्यांच्या घरात पहिला हार विकत नाहीत. पार्बताबाईची सासू तो राजेश्वराला पाठवायची. सासू गेल्यावर पार्बताबाईनं तेच चालू ठेवलं. तिचा नवरा देवीदास नदीपलीकडच्या तुकड्यात निशिगंध आणि शेवंती लावतो. पहाटे तोडलेली फुलं ओल्या फडक्यात बांधून आणतो, सुईदोरा काढून देतो. पहिला हार देवळात न्यायचाही तोच. पावसात नेला, तापात नेला, पोरीच्या जन्माच्या दिवशीही नेला. एका दिवशी मात्र पहिल्यांदा चुकला. त्या दिवशी पार्बताबाईनं देवाचा हार एका माणसाच्या गळ्यात घातला.

तो माणूस म्हणजे तिच्या पोरीच्या शाळेचे मुख्याध्यापक, हेमचंद्र सर.

रागिणी तेव्हा नववीत होती. पोरीचं अक्षर वळणदार, बोलणं चुरचुरीत, पण गणित म्हटलं की तिची मान खाली जायची. आठवीपर्यंत कुणी नापास होत नव्हतं. दरवर्षी प्रगतिपुस्तकावर शेरा यायचा, "प्रगती समाधानकारक". पार्बताबाई तो शेजारच्या औषधवाल्याकडून वाचून घ्यायची आणि समाधान मानायची. पोरीला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. गणिताचे जुने मास्तर निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरली गेली नव्हती. कधी चित्रकलेच्या बाई गणिताच्या तासाला बसायच्या, कधी कुणीच नसायचं.

शाळा मात्र उजळत होती. 'उन्नत शाळा अभियान' आलं होतं. त्याआधी दुसऱ्या नावाचं एक आलं होतं, त्याच्या पाट्या अजून जिन्याखाली पडल्या होत्या. भिंती निळ्या झाल्या. जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे रंगवले गेले. विज्ञानाच्या खोलीत मोठा पडदा आला. शिक्षक वर्गात शिरले की आधी फोटो काढत, मग तो वर पाठवत, आणि तो पोचल्याची खूण येईपर्यंत अर्धा तास संपलेला असे. हेमचंद्र सर मूळचे गणिताचे. अकोल्यातले जुने विद्यार्थी अजून सांगतात, की हा माणूस खडूच्या एका तुकड्यानं भूमिती डोळ्यांपुढे उभी करायचा. आता त्यांचा खडू सुटला होता. दिवसभर ते संगणकापुढे बसून माहिती भरत. अभियानात शाळेला सगळ्यात जास्त गुण दहावीच्या निकालाचे होते, आणि शंभर टक्के निकाल लागला तरच ते पूर्ण मिळत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सरांनी पार्बताबाईला बोलावून घेतलं. पंख्याखाली बसवलं. पाणी दिलं.

"बाई, रागिणी हुशार आहे. फक्त तिला वेळ हवा. नववी पास करून देतो. तुम्ही दाखला घेऊन जा, घरून सतरा नंबरचा, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरा. शाळेची घाई नाही, तासांची कटकट नाही. निवांत अभ्यास होईल आणि दहावी पास होईल."

"पन परीक्षा तेच ना सर? दहावीचीच?"

"तीच. बोर्डाचीच."

पार्बताबाईला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्या पोरीसाठी वेगळी वाट काढून देतो आहे. तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांचा मेळावा होता. तिनं देवीदासच्या हातातून पहिला हार काढून घेतला. तो म्हणाला, "अवं, देवाचा हाय तो." ती म्हणाली, "आज देव शाळेत बसला हाय." भरल्या मेळाव्यात तिनं तो सरांच्या गळ्यात घातला, आणि कुणीतरी मोबाईल पुढे केला तशी बोललीसुद्धा. "सरनं माह्या पोट्टीले येगळा वेळ देला. आमच्यासारख्याच्या लेकराकडे कोन पाहाते? असा सर साऱ्या गावात भेटनार नाई." बोलताना तिचे डोळे भरून आले होते. ते डोळे मोबाईलमध्ये नीट आले.

जुलैत शाळा भरली. रागिणी घरी राहिली. निवांत अभ्यास म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. पोरगी पुस्तक उघडायची, पहिल्या पानावर अडायची, आणि मग आईसोबत हार ओवायला बसायची. ज्या केंद्रावर मार्गदर्शन मिळेल असं सांगितलं होतं, तिथे कुलूप होतं.

चौकातच हर्षाची भाजीची गाडी असते. तिचा मनोज रागिणीच्याच वर्गातला. एका दुपारी मनोज गाडीवर वांगी लावताना दिसला तेव्हा पार्बताबाईनं विचारलं, "काहून बाप्पा, शाळा नाई आज?"

हर्षा हसली. ते हसणं बरं नव्हतं. "त्याले वेळ देला ना सरनं. निवांत अभ्यासाचा."

"मनोजलेबी?"

"मनोजलेबी. त्या शिंप्याच्या पोरीलेबी. अजून चौघा-पाचाले. सारे कच्चे पोट्टे भाईर काढले, मंग आत राह्यले ते पास. फाटकावरचं बॅनर नाई पाह्यलं काय तुनं? यंदाबी शंभर टक्के. मागच्या सालीबी असंच केलं म्हनते."

"मले त सर म्हने का..."

"तुले म्हने, मले म्हने, शब्दाले शब्द. पन पारबता, तू त आमच्या साऱ्याइच्या पुढची." हर्षानं मोबाईल काढला. "हे पाय. तूच त त्याचं गानं गाऊन राहिली."

पडद्यावर पार्बताबाई होती. मागे बासरी लावलेली. शाळेच्या निळ्या भिंती, हसणारी मुलं, मग ती, डोळे भरलेली, हार घालताना. असा सर साऱ्या गावात भेटनार नाई. खाली लिहिलं होतं, पालकांचा सहभाग.

तिनं ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. हर्षाला वाटलं, ही रडेल. ती रडली नाही. तिला पोरीला बाहेर काढल्याचा राग होताच, पण त्याहून खोल काहीतरी रुतलं होतं. त्या माणसानं तिच्या तोंडून स्वतःची आरती म्हणवून घेतली होती, आणि तिनं ती देवाच्या हारासकट म्हटली होती. खाल्लेली थप्पड माणूस विसरू शकतो. थप्पड खाऊन आभार मानले असतील तर ते विसरता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिला हार ओवला आणि झाडातल्या खिळ्याला अडकवला.

"देवाचा हार खिळ्याले काहून?" देवीदासनं विचारलं.

"देवाले नाई जात आता. माह्या हातचा वापस आल्याशिवाय देवाले नाई."

"तुह्या हातचा कोन्ता?"

"जो म्या त्याच्या गळ्यात घातला तो."

देवीदास शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, "फुलं त वाळून गेली असतीन." आणि पिशवी झटकून निघून गेला.

ऑगस्टमध्ये हेमचंद्र सर स्वतः दुकानावर आले. सोबत शाळेचा शिपाई श्रावण. सरांनी खिळ्यावरच्या वाळक्या हारांकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

"बाई, आनंदाची बातमी आहे. अमरावतीला विभागाचा कार्यक्रम आहे. आपल्या शाळेचा सत्कार. अभियानाच्या अनुपमा मॅडमना तुमचं बोलणं फार आवडलं. म्हणाल्या, असा खरा आवाज ऐकलाच नव्हता. तुम्हाला स्टेजवर बोलवलंय. तेच बोलायचं, व्हिडिओतलं."

पार्बताबाईच्या हातातली सुई थांबली नाही. शेवंतीचं एक फूल, मग निशिगंधाची कळी, मग शेवंती. तिला कळलं की हा माणूस पहिल्यांदा काहीतरी मागायला आला आहे.

"येतो ना सर. पन रागिनी म्हनते का मायची पोट्टी शाळेत नाई, अन् माय शाळेचं गुन गाते. लोकं हासतीन. तुमाले हासतीन, मले काय. तिथी कोनी इचारलं का पोरगी कोन्त्या वर्गात, त मी काय सांगू?"

श्रावण दुसरीकडे पाहू लागला.

"ठीक आहे," सर शेवटी म्हणाले. "दाखला आणून द्या. दहावीत नाव घालतो."

"आज घाला. श्रावणभाऊ हायेत, दाखला घरी हाय, मी आत्ताच आनतो."

नाव घातलं गेलं. हेमचंद्र सर हिशेबी माणूस. त्यांनी मनात ठरवलं होतं की बोर्डाचे फॉर्म दिवाळीनंतर भरायचे, तोपर्यंत पोरीला पुन्हा वेळ देता येईल. पार्बताबाईनं हे ओळखलं होतं. भाव करताना समोरचा लगेच हो म्हणाला की ती नोट दोनदा तपासते.

रागिणीला मात्र कुणी विचारलं नाही. ती म्हणाली, "आई, मले नाई जायचं त्या वर्गात. पोट्ट्या म्हनतीन, काढली होती, वापस आली."

"म्हनू दे."

"तू मले शिकवाले पाठवून राहिली, का त्याले बांधाले?"

पार्बताबाई नव्या वहीला कव्हर घालत बसली.

अमरावतीच्या सभागृहात थंडगार हवा होती आणि मोठाल्या खुर्च्या. मागच्या पडद्यावर आधी तिचा व्हिडिओ दाखवला, मग तिला बोलवलं. अनुपमा मॅडम पुढे येऊन तिचा हात धरून घेऊन गेल्या. चांगल्या बाई होत्या. सुती साडी, मोकळं हसणं. त्यांना खरंच वाटत होतं की काहीतरी चांगलं चाललं आहे.

पार्बताबाईनं शब्द न् शब्द तेच म्हटलं. वेगळा वेळ, आमच्यासारख्याचं लेकरू, असा सर साऱ्या गावात नाही. टाळ्या झाल्या. सर पहिल्या रांगेत मान डोलावत होते. मग ती माईकला धरून थोडी पुढे सरकली.

"अन् एक राह्यलं बाई. माही पोट्टी गनितात कच्ची. मधात शाळा सुटली होती तिची. सरनं तिले वापस घेतली. अन् सर मले म्हने का पार्बताबाई, मी रोज सकाळी शाळेच्या आधी तिले सोता गनित शिकवीन. दहावीपर्यंत. रोज. एवढा मोठा मानूस, हाती खडू घेऊन माह्या पोट्टीपुढे उभा राहीन. मले वाटलं, हे साऱ्याइले सांगा लागते."

सरांनी असं काही म्हटलं नव्हतं. सभागृह उभं राहिलं. अनुपमा मॅडमनी सरांना वर बोलावलं, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे आमच्या अभियानाचं खरं रूप आहे. सर, मी स्वतः एक दिवस तुमचा हा सकाळचा तास बघायला येणार." चार-पाच फोटो निघाले. फोटोत सर हसताहेत. नीट पाहिलं तर दात दिसतात, हसू दिसत नाही.

परतीच्या वाटेवर गाडी बडनेऱ्यापर्यंत आली. मग सर म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? तुमची स्तुतीच केली ना सर."

"बाई, तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही माझं. वरून शिक्षक देत नाहीत, माहिती मागतात. शंभर टक्के नाही म्हटलं तर उद्या तुकडी बंद. तेव्हा कुणाची मुलं कुठं जातील?"

पार्बताबाईनं काच खाली केली. तिला हे खोटं वाटलं नाही. तिला एवढंच वाटलं की हे सगळं खरं असूनही काढायला त्याला तिचीच पोरगी सापडली.

त्यानंतर रोज सकाळी विज्ञानाच्या खोलीत तास भरू लागला. पार्बताबाई फुलांची टोपली घेऊन बाहेर व्हरांड्यात बसायची आणि ओवता ओवता खिडकीतून पाहायची. पहिले काही दिवस सर मोठ्या पडद्यावर काहीतरी लावून द्यायचे आणि फोनमध्ये डोकं घालायचे. पार्बताबाई खिडकीशी यायची. "मॅडम येनार हायेत म्हनत होत्या ना सर? कदी येतीन?" सर पडदा बंद करायचे. एके दिवशी त्यांनी रागिणीला अपूर्णांकाचं साधं उदाहरण घातलं आणि पोरगी पेन्सिल चावत बसली तेव्हा ते वैतागून म्हणाले, "हे तर पाचवीतलं आहे!" रागिणी म्हणाली, "पाचवीतबी कोनी शिकवलं नाई सर." त्यानंतर त्यांनी खडू मागवला. शाळेत खडूच सापडेना. श्रावणनं कुठूनतरी एक जुनी पेटी काढून आणली.

ज्या दिवशी मॅडम आल्या त्या दिवशी सर फळ्यापुढे होते आणि बाही पांढरी झाली होती. मॅडम आनंदानं परत गेल्या. मग दिवाळी झाली, फॉर्म भरले गेले, आणि त्या वर्गाच्या नावांत रागिणीचं नाव कायम राहिलं. तिला आता काढता येत नव्हतं. सरांच्या शंभरात ती एक खडा होऊन बसली. सर शिकवू लागले, मनापासून नव्हे, भीतीनं. पण भीतीनं शिकवलेलं गणितही गणितच असतं. हळूहळू पोरगी पुढे सरकत गेली.

व्हरांड्यात बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र माया कधी आली नाही. रागिणी कंटाळून म्हणायची, "आई, तू भाईर नको ना बसू. पोट्ट्या मले सरची शिक्षा म्हनतात." आई म्हणायची, "बरोबर म्हनतात."

परीक्षा आठवड्यावर आली होती. मायलेकी सकाळी ओवत बसल्या होत्या. लग्नाचे दिवस, हारांची गर्दी. रागिणीनं वर न पाहता विचारलं, "आई, मी गनिताचा पेपर कोरा देऊ काय?"

पार्बताबाईची सुई थांबली.

"एक पोट्टी नापास झाली का त्याचे शंभर मोडले. तुले हेच पाह्यजे ना? मी देतो कोरा."

हा विचार पार्बताबाईच्या मनात कितीतरी महिन्यांपासून बसलेला होता. रात्री तिनं तो पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहिला होता. सरांचा पडलेला चेहरा, उतरवलेलं बॅनर. आता तोच विचार पोरीच्या तोंडून ऐकला आणि तिला वाटलं, आपण इतके महिने या पोरीकडे पाहिलंच नाही. तिच्याआडून पलीकडच्या माणसाकडेच पाहत राहिलो.

"बयताड हायस का तू?" ती म्हणाली. आवाज चिरकला. "तू नापास झाली त तो म्हनन, पाहा, मी सांगतच होतो. त्याचं म्हननं खरं कराले तुले बसवली का म्या? पास हो. म्हंजे त्याले जन्मभर टोचन का आपन काय फेकलं होतं."

"त्याले नाई टोचनार, आई," रागिणी म्हणाली. "तो बॅनर लावन."

तसंच झालं. रागिणी पास झाली, गणितात काठावरून पण आपल्या पायांवर. शाळेचा निकाल शंभर टक्के. फाटकावर नवं बॅनर लागलं. पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो वर, आणि खाली एका चौकटीत रागिणी, वेणीत निशिगंध. लिहिलं होतं, "सुटलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही परत आणतो, आणि घडवतो."

पार्बताबाई औषधवाल्याला घेऊन फाटकापुढे उभी राहिली. औषधवाल्यानं वाचून दाखवलं तेव्हा तिनं ते वाक्य परत वाचायला सांगितलं. प्रत्येक मुलाला. परत आणतो. मग ती हसली, आणि हर्षा म्हणते, "तसं हासनं म्या पारबताचं कदी पाह्यलं नाई. मले भेव वाटला."

कारण त्याआधीच नववीचा निकाल लागला होता, आणि यंदाही काही घरांना सरांनी पंख्याखाली पाणी देऊन वेळ दिला होता.

सत्काराचे हार सांगायला श्रावण आला. मागून सरही आले. मोकळे झाल्यासारखे दिसत होते. "बाई, झालं ना तुमच्या मनासारखं? आता तो खिळ्यावरचा हार काढा. यंदाही तुमच्याच हातानं घाला."

"येतो ना सर. शाळा भरन त्या दिवशी येतो."

ज्या दिवशी शाळा भरली त्या दिवशी ती आली. हातात हार नव्हता. मागे आया उभ्या होत्या, प्रत्येकीसोबत एक पोर, पोरांच्या हाती दाखले. फाटकावर बॅनर तसंच होतं. पार्बताबाईनं त्याकडे बोट केलं.

"हे घ्या सर. सुटलेले लेकरं. तुमीच लिवलं ना, वापस आनतो म्हनून? मॅडमनं फोटो पाह्यला, फोन केला मले, म्हने, लय चांगलं केलं तुमच्या सरनं. म्या म्हनलं, मॅडम, अजून आनून राहिलो. हा अपूर्णांकात कच्चा हाय. हिले बीजगनित नाई समजत. सकाळचा तास तुमचा मोकळाच होऊन राहिला होता."

सरांनी बॅनरकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि पार्बताबाईकडे पाहिलं. वय झाल्यासारखे ते क्षणभर फाटकाला टेकले. मग म्हणाले, "श्रावण, विज्ञानाची खोली उघड."

ते आत गेले. आयांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं विचारलं, "आता त झालं ना पारबता? आता त हार देशीन देवाले?"

हर्षा आली नव्हती. तिचा मनोज गेल्या वर्षी घरून परीक्षेला बसला आणि नापास झाला. आता तो वरूडला संत्र्याच्या पेट्या भरतो. परत चल म्हटलं की म्हणतो, "आता काय शाळा." त्याचं वर्ष कुणी परत आणलं नाही, आणि त्याचं नाव कोणत्याच बॅनरवर नाही.

पार्बताबाई व्हरांड्यात टोपली ठेवून बसली. सुईत दोरा ओवला. आतून खडूचा आवाज येऊ लागला.

"मनोज राह्यला अजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीचा पहिला हार निशिगंधाचा होता, ताजा, दवानं जड. तो खिळ्यावर गेला.